खेळासाठी संगणक जुळवताना

२०२५ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन माझ्या घरी आला. मुलगा पॉलिटेक्निकला शिकतो. वडील बेळगावातल्याच एका गॅरेजात काम करतात. त्यांच्या हाती दुकानदाराने लिहून दिलेला एक कागद होता. "टीचर, आम्हाला ह्यातलं काय कळत नाही," ते म्हणाले. "ह्याच्या आईनं भिशीचे सत्तर हजार बाजूला ठेवलेत. पोरगा म्हणतोय खेळाचा कॉम्प्युटर पाहिजे, त्यावर अभ्यासपण करतो. तुम्ही जरा हे बघा की."

कागदावर असे लिहिले होते: 'गेमिंग पीसी. आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एक टीबी डिस्क, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, काचेचे कॅबिनेट, रंगीत दिवे, पडद्यासह अडतीस हजार.' बत्तीस हजार रुपये वाचणार म्हणून वडील मनातून सुखावलेले होते. या यादीतील एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही तो संगणक मुलाच्या काडीच्याही उपयोगाचा नव्हता. हे कसे, ते सांगितले म्हणजे आजच्या विषयाचा अर्धाअधिक भाग सांगून होईल.

प्रथम 'आय-सेव्हन' हा शब्द घेऊ. हे प्रोसेसरचे आडनाव आहे. इंटेल कंपनीने ते २००८ साली प्रथम वापरले आणि त्यानंतर अनेक पिढ्यांना तेच लावले. आडनावावरून माणसाचे वय कळत नाही, तसेच हे. वय कळते ते पुढील आकड्यावरून, आणि नेमका तोच आकडा कागदावर नव्हता. मी मुलाला दुकानात फोन करावयास सांगितले. उत्तर आले, ३७७०. हा प्रोसेसर २०१२ सालचा. आपल्या काळात तो उत्तम होता. परंतु २०२२ सालच्या सुरुवातीस आलेला आय-थ्री १२१०० हा धाकट्या आडनावाचा प्रोसेसरही तितक्याच, म्हणजे चारच, गाभ्यांचा असून त्याला सहज मागे टाकतो. शिवाय ३७७० ला विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारीत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपावयाची होती. ती त्याप्रमाणे संपलीही. मुलाला 'व्हॅलोरंट' खेळावयाचा होता. तो खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० या सुरक्षा-सोयीवाचून सुरूच होत नाही.

दुसरा शब्द 'चार जीबी ग्राफिक्स कार्ड'. ते निघाले जीटी ७३०, २०१४ सालचे. त्यावर चार जीबी मेमरी होती हे खरे. परंतु मेमरी किती आहे याइतकेच ती किती वेगाने वाचता येते यालाही महत्त्व आहे. कोठार मोठे आणि दार अरुंद असले म्हणजे धान्य असूनही वेळेवर हाती येत नाही. जीटी १०३० नावाच्या दुसऱ्या एका कार्डाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१७ साली ते निघाले तेव्हा त्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती पुरवू शकत असे. २०१८ साली त्याच नावाने, निराळ्या जातीची मेमरी लावलेले दुसरे कार्ड बाजारात आले. त्याचा पुरवठा सतरा जीबीच्याही आतला! नाव एक, मेमरीचे माप एक, खोकेही सारखेच. ग्राहकाने काय ओळखावे?

यास्तव पहिली गोष्ट अशी की, दुकानदाराने लिहून दिलेल्या यादीत प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक असल्यावाचून पैशाची गोष्ट काढू नये. 'आय-सेव्हन', 'चार जीबी', 'पाचशे वॅट' हे शब्द वर्णनाचे आहेत. वस्तू त्यांवरून ठरत नाही.

आता मुळात निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांशी जुळतात तरी कसे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. आपण घरी मिक्सर किंवा दूरदर्शन संच असे सुटे भाग आणून बनवीत नाही. याचे कारण इतिहासात आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तो बऱ्याच अंशी बाहेरून घेतलेल्या भागांचा होता आणि त्याची रचना इतरांना उघड होती. त्यामुळे त्याला जुळणारे भाग बनविणारे पुष्कळ कारखाने निघाले. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे मापन ठरवून दिले. मदरबोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूंची भोके, वीज जोडण्याची जागा, सारे त्यात आले. आजही कॅबिनेट एका कंपनीचे आणि मदरबोर्ड दुसरीचा असूनही भोकावर भोक बरोबर बसते, ते त्यामुळे.

परंतु भोके जुळली म्हणजे कामे जुळली असे नाही. स्वयंपाकघरातला दाखला घेते. पोळ्या करावयास दोघीजणी बसल्या आहेत, एक लाटते व दुसरी भाजते. लाटणारी सावकाश असेल, तर भाजणारी कितीही चपळ असली तरी तिला तव्याकडे पाहत बसावे लागते; भाजणारी सावकाश असेल, तर लाटलेल्या पोळ्या परातीत वाळत पडतात. संगणकातील खेळात प्रोसेसर हा लाटणारा. कोणता शत्रू कोठे आहे, गोळी कोणास लागली, भिंत कोसळली की उभी राहिली, हा सारा हिशेब त्याचा. त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड म्हणजे भाजणारी. रॅम हा ओटा. हाताशी लागणारे सामान तेवढे त्यावर काढून ठेवावयाचे. आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. सत्तर हजारांतले पन्नास हजार एकाच भागावर घालणारा मनुष्य उरलेल्यांना उपाशी ठेवतो व महागडा भाग रिकामा बसवून ठेवतो.

मग आरंभ कोठून करावा? बहुतेक तरुण प्रोसेसरपासून करतात. माझ्या मते तो पडद्यापासून करावा. पडद्यावर ठिपके किती आणि ते सेकंदाला किती वेळा बदलावयाचे, यावर काम किती पडणार ते ठरते. नेहमीच्या १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे काढावयाची म्हटली तर सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके दर सेकंदाला रंगवावे लागतात. हाच पडदा १४४ हर्ट्झचा असेल आणि त्याचा पुरता लाभ घ्यावयाचा असेल, तर हा आकडा २९ कोटी ८६ लाखांवर जातो. आणि ज्याला बाजारात 'फोर-के' म्हणतात, त्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर नुसती साठ चित्रे काढावयाची तरी ४९ कोटी ७७ लाख होतात. म्हणजे पडद्याने मागणी चौपट केली की कार्डाच्या किमतीची उडी हजारांतून लाखाकडे जाऊ लागते.

मुलाला कोणते खेळ खेळावयाचे आहेत हेही तितकेच महत्त्वाचे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या चढाओढीच्या खेळांत चित्र साधे असले तरी चालते, पण ते झरझर बदलले पाहिजे. साठ हर्ट्झवर दोन चित्रांत सोळा ते सतरा सहस्रांश सेकंदाचे अंतर असते, १४४ वर ते सातांच्या आत येते. येथे प्रोसेसरवर भार अधिक. उलट २०२० सालच्या 'सायबरपंक २०७७' सारख्या खेळात पावसाने भिजलेल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे पाहावयाची असतात, तेथे सारा भार कार्डावर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला, दिसावयास देखणा आणि मागणीला माफक आहे. तो मी स्वतः थोडाबहुत खेळले आहे, हे येथे कबूल करून टाकते.

आमच्या या विद्यार्थ्याला १०८० चाच पडदा आणि १४४ हर्ट्झ पुरेसे होते. त्यावरून कार्ड ठरले आरटीएक्स ४०६०, आठ जीबीचे, आणि सत्तर हजारांतले सुमारे सत्तावीस हजार त्यातच गेले. खेळाच्या संगणकात एकंदर रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक कार्डावर जाणे मला रास्त वाटते. आठ जीबीविषयी मात्र माझ्या मनात किंतु होता व अजूनही आहे. नव्या मोठ्या खेळांना सारे बारकावे चढवून लावले, तर आठ जीबी अपुरे पडू लागतात. आणि मेमरी अपुरी पडली की चित्र सावकाश होत नाही, ते मध्येच अडखळते, जे डोळ्यांना अधिक खुपते. ज्याला मोठा पडदा घ्यावयाचा आहे किंवा चार-पाच वर्षे कार्ड बदलावयाचे नाही, त्याने बारा किंवा सोळा जीबीचे कार्ड शोधावे. तेथेही पूर्ण नाव पाहावे. आरटीएक्स ३०६० हे बारा जीबीचे कार्ड पुढे आठ जीबीतही निघाले, आणि त्यात मेमरीची वाटही १९२ बिटांवरून १२८ वर आणलेली होती.

जुने कार्ड घ्यावे काय, असे वडिलांनी विचारले. गॅरेजात काम करणारा मनुष्य जुन्या भागांना नाक मुरडत नाही. मी म्हटले, घ्यावे, पण डोळ्यांदेखत तासभर खेळ चालवून दाखवील त्याच्याकडूनच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि रात्रंदिवस त्या कामाला जुंपलेली कार्डे ढिगांनी जुन्या बाजारात आली. काही अजून ठणठणीत आहेत, काहींचे पंखे आणि मेमरी थकलेली आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

प्रोसेसर घेतला एएमडीचा रायझेन ५ ५६००, सहा गाभ्यांचा. येथे मुलाचा व माझा थोडा वाद झाला. तो म्हणत होता, हा प्रोसेसर एएम-४ या बैठकीत बसतो आणि ती बैठक जुनी झाली. २०२२ साली आलेली एएम-५ घ्यावी, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. प्रोसेसरची बैठक मदरबोर्डावर कायमची असते आणि एकीतला प्रोसेसर दुसरीत बसत नाही, म्हणून पुढचा रस्ता पाहणे शहाणपणाचेच. परंतु एएम-५ ला डीडीआर ५ जातीचीच रॅम लागते, मदरबोर्डही महाग. आणि तो फरक कोठून निघाला असता? ग्राफिक्स कार्डातून किंवा वीज पुरविणाऱ्या पेटीतून. दोन्ही मला मान्य नव्हते. हातात एक लाख असते, तर मी त्याचे ऐकले असते.

रॅमबद्दल एकच गोष्ट सांगते. सोळा जीबी घ्यावयाची असेल, तर सोळाची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात व मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खोबणींत बसवाव्यात. दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसर दोन्ही हातांनी सामान उचलतो. एकच असली तर एक हात बांधलेला राहतो. आणि ३२०० वेगाची पट्टी आणली तरी बायॉसमध्ये जाऊन तो वेग चालू करावा लागतो, नाहीतर ती बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. आम्ही खरेदी केली ती सुदैवाने मे महिन्यात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीचे उत्पादन ओढून घेतले, तेव्हा याच पट्ट्यांचे भाव पाहता पाहता दुपटीच्या वर गेले.

डिस्क एनव्हीएमई जातीची, एक टीबी. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडदोनशे एमबी वाचते, ही काही हजार. खेळाची चित्रे त्यामुळे वाढत नाहीत, पण दारात उभे राहण्याचा वेळ वाचतो. याहून अधिक वेगाच्या डिस्कवर खेळणाऱ्याने पैसे घालू नयेत.

आता ज्या भागासाठी मी हे भाषण लिहावयास घेतले, त्याकडे येते. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे बारा, पाच व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारी ही लोखंडी पेटी. हिच्यामुळे खेळ वेगाने चालत नाही, हिच्यावर दिवे नाहीत, मित्रांना दाखविण्यासारखे हिच्यात काही नाही. म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री हिलाच लागते. दुकानदाराच्या त्या कागदावर हिचा उल्लेखही नव्हता. ती कॅबिनेटबरोबर 'फुकट' होती.

अशी फुकटची पेटी माझ्या घरीही एकदा आली होती. २०१८ च्या पावसाळ्यात एका रात्री वीज दोनदा गेली नि आली, आणि टेबलाखालून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पेटी जळाली याचे मला दुःख नव्हते. जाताना तिने मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत नेली. त्या डिस्कवर माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. त्यांची दुसरी प्रत मी काढून ठेवलेली नव्हती. ती चूक माझी. परंतु चांगल्या पेटीत वीज अचानक चढली वा आत कोठे तारा भिडल्या, तर स्वतः बंद पडून इतरांस वाचविण्याची योजना असते. त्या पेटीत ती नव्हती, आणि वर लेबल मात्र ४५० वॅटचे होते.

लेबल वाचावे कसे, हे येथे सांगते, कारण सातवीच्या मुलालाही जमेल असे ते गणित आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोघेही आपला जवळजवळ सारा आहार १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. पेटीच्या बाजूवरील तक्त्यात '+१२ व्ही' या रकान्याखाली अँपिअरचा आकडा असतो. त्याला बाराने गुणावे. १८ आकडा असेल, तर गुणाकार २१६ वॅट. मग वर ४५० लिहिलेले असो की ५००. ४५ असेल, तर ५४० वॅट, आणि ती ५५० ची पेटी आपल्या नावाला जागली. आमच्या हिशेबात कार्डाचे ११५ वॅट, प्रोसेसरचे ऐंशीच्या आत, इतर सर्वांचे पन्नास धरले, तर बेरीज अडीचशेच्या आसपास येत होती. तरी आम्ही ५५० ची घेतली. कार्ड क्षणभर आपल्या मापाहून पुष्कळ जास्त वीज ओढते, पेटी अर्ध्या भारावर सर्वांत कमी वीज वाया घालविते, आणि उद्या कार्ड बदलले तर पेटी बदलावी लागत नाही.

पेटीवर '८० प्लस' असा शिक्का असतो. ही परीक्षा २००४ पासून चालत आली आहे. ब्राँझ, गोल्ड अशा तिच्या पायऱ्या आहेत. हा शिक्का असलेलीच पेटी घ्यावी असे मी म्हणेन, पण तो काय सांगतो ते ध्यानात असू द्यावे. घेतलेल्या विजेपैकी किती कामी आली आणि किती उष्णतेत गेली, एवढेच तो सांगतो. अर्ध्या भारावर ब्राँझची पेटी शंभरातले ८५ भाग कामी लावते. संरक्षणाची हमी त्या शिक्क्यात नाही. ती कंपनीने किती वर्षांची वॉरंटी दिली आहे आणि कोणकोणती संरक्षणे लिहून दिली आहेत त्यावरून अजमावावी. आम्ही पाच वर्षांच्या वॉरंटीची पेटी चार हजारांना घेतली. वडिलांना ती किंमत प्रथम जड वाटली. "टीचर, गाडीला रंग नसला तरी चालंल, ब्रेक पाहिजे, असंच ना?" ते म्हणाले, आणि मुलाकडे पाहून यादीतले रंगीत दिव्यांचे पंखे त्यांनीच खोडले.

आपल्या घरांतील विजेचे दोन शब्द. भिंतीतल्या प्लगला अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून पाहून घ्यावे. तिसरे भोक आहे म्हणून त्यामागे तार असेलच असे नाही. घराला इन्व्हर्टर आहे म्हणून संगणकाला यूपीएस नको असेही समजू नये. वीज गेल्यावर चांगली पेटी सोळा-सतरा सहस्रांश सेकंद तग धरते. पुष्कळ इन्व्हर्टर यूपीएसच्या मापावर लावलेले नसतील, तर जागे व्हावयास त्याहून अधिक वेळ घेतात. मग दिवे लुकलुकतात, पंखा फिरत राहतो आणि संगणक तेवढा बंद पडतो.

कॅबिनेट समोरून जाळीचे घेतले. तोंडावर सबंध काच असलेले कॅबिनेट म्हणजे खिडक्या लावून घेतलेले स्वयंपाकघर. आतली उष्णता आतच फिरते आणि कार्ड तापले की स्वतःचा वेग उतरविते. बेळगावच्या जुलैत भिंतींनाही ओल येते, म्हणून जमिनीवर न ठेवता वीतभर उंच स्टुलावर ते ठेवावयास सांगितले. काही भाग गावात मिळाले, काही बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून आले. प्रत्येकाचे जीएसटीसह पक्के बिल घेतले आणि त्यावर भागाचा सिरियल नंबर लिहवून घेतला, कारण वॉरंटी मागावयास गेल्यावर प्रथम तोच विचारतात. सारे मिळून पडद्यासह खर्च एकोणसत्तर हजारांच्या किंचित वर गेला.

जुळणी मुलाने वडिलांच्या गॅरेजात, टेबलावर स्वच्छ चादर घालून, एका रविवारी केली. रात्री साडेनऊला त्याचा घाबरा फोन आला. पंखे फिरतात, दिवा लागतो, पडद्यावर मात्र काळोख. मी विचारले, "पडद्याची तार कोठे जोडलीस?" मदरबोर्डाच्या मागच्या भोकात, तो म्हणाला. रायझेन ५ ५६०० ला स्वतःचे चित्र काढता येत नाही. तार खाली, ग्राफिक्स कार्डाच्या भोकात जोडावी लागते. फोनवर थोडा वेळ खुडबुड ऐकू आली, मग मागून वडिलांचाच आवाज आला, "आलं, आलं!"